पाच वाजताची रात्र

संध्याकाळचे पाच वाजले की पडदेमामा चहाचा कप बाजूला ठेवत, दोन्ही तळवे शर्टाला पुसत आणि दोरी हातात घेत. बाहेर चांगलं ऊन असे. उन्हाळ्याचे लांबलचक दिवस, सूर्य मावळायला अजून बराच अवकाश. कुंपणापलीकडच्या रस्त्यावर पोरं चेंडू खेळत असत आणि इकडे मामांच्या हाताखाली काळं कापड तारांवरून सरकत, छपरावरून आणि चारही बाजूंनी खाली उतरे. पॉलिहाऊसमधल्या शेवंतीवर रात्र पडे.

हा सगळा उपद्व्याप शेवंतीच्या स्वभावापायी. हे झाड रात्रीच्या लांबीवर चालतं. रात्र लांबली की ते कळ्या धरायला लागतं. रात्र तोकडी असली की नुसती पानं काढत बसतं, कितीही खत घाला, कितीही गोंजारा. मग ऐन उन्हाळ्यात फुलं हवी असतील तर त्याला फसवावं लागतं. पाचला अंधार करायचा आणि सकाळी माणसं कामाला लागली की उजाडू द्यायचं. रोज. सुट्टी नाही, पाहुणे नाहीत, अंग दुखतंय म्हणून उद्या नाही. एखाद्या दिवशी जरी विसरलं तरी शेवंती रुसते आणि तिचा रुसवा काढायला फार दिवस जातात.

"म्हणजे नाटकच की हो हे!" मामा पहिल्या दिवशी म्हणाले होते.

मामांचा सगळा जन्म पडदा ओढण्यात गेला होता. पडदा ओढायला काय लागतं, असं कुणालाही वाटेल. दोरी आहे, हात आहेत, ओढा. पण रडवणाऱ्या अंकाचा पडदा असा यावा की बघणाऱ्याला रुमाल काढायला उसंत मिळावी. हसवणाऱ्या अंकाचा असा धाडकन यावा की हसू तोंडातच अडकावं आणि मध्यंतरभर पुरावं. मामांना हे कुणी शिकवलं नव्हतं. विंगेत उभं राहून, नटाच्या पाठीकडे बघत बघत ते त्यांच्या हातात उतरलं होतं. मोठमोठे नट घाम पुसत आत येत आणि आधी विचारत, "मामा, आज कसा पडला?" म्हणजे पडदा. टाळ्या कशा पडल्या ते नंतर.

मग थिएटर बंद झालं. तिथे फरशांचं गोदाम आलं. मामांची बायको आधीच गेली होती. ते एक ट्रंक घेऊन लेकीकडे राहायला आले आणि खिडकीतल्या खुर्चीवर बसले. दिवसभर ठीक असत. संध्याकाळी पहिल्या घंटेची वेळ झाली की उठत, बसत, पुन्हा उठत. एकदा शेजारीण लेकीशी गप्पा मारत बसली होती. बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण काहीतरी माहेरचं होतं. आणि मामांनी खिडकीचा पडदा असा काही हळुवार, असा काही बेताने ओढला की शेजारीण बोलायची थांबली आणि आता आपण जायचं असतं असं वाटून उठून गेली.

"बाबा, अहो काय हे!" लेक म्हणाली.

"अगं, प्रसंग संपला होता."

त्याच आठवड्यात लेकीने नवऱ्याचं डोकं खाल्लं. जावई शेवंतीच्या नर्सरीत मुख्य माळी होता आणि नर्सरीतच, पाण्याच्या टाकीमागच्या दोन खोल्यांत, हे तिघं राहत. काळं कापड ओढायला तिथे ठरलेला माणूस नव्हता. ज्याचे हात मोकळे तो ओढे, आणि संध्याकाळी कुणाचेच हात मोकळे नसत.

मालकीणबाई बोलायला तोडून टाकणाऱ्या. त्यांनी मामांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"फुलांमधलं काय येतं तुम्हाला?"

"काही नाही."

"मग काय येतं?"

"पडद्यातलं येतं. आणि वेळेवर येता येतं."

बाई हसल्या नाहीत, पण नाही म्हणाल्याही नाहीत.

मामांनी पहिल्या दिवसापासून कापडाला हात घातला. जुनं कापड जागोजागी विरलं होतं. त्यांनी ते उतरवलं, नवं आणवलं आणि ट्रंकेतला दाभण काढून स्वतः शिवलं: दुहेरी शिवण, खाली वजनाला वाळूची पट्टी. दोऱ्या फिरतात त्या कप्प्यांना तेल दिलं, दोऱ्या बदलल्या. आता कापड सरकताना पानही हलत नसे. आणि तेव्हाच त्यांनी पश्चिमेच्या बाजूला, दोरीजवळ, डोळ्याच्या उंचीवर एक भोक ठेवलं.

ते का ठेवलं, हे नाटकवाल्याला सांगावं लागत नाही. पडद्याला भोक असतंच. तिसऱ्या घंटेआधी नट त्याला डोळा लावून बघतात: किती भरलंय, पुढच्या रांगेत कोण आहे, आजारी असलेला मित्र आलाय का. भोक नसलेला पडदा म्हणजे मामांच्या लेखी नुसती चादर. त्यांनी त्या कापडात तळव्याएवढं भोक नीट काठ दुमडून शिवलं, वरून कापडाचं झाकण लावलं, झाकणाला गुंडी. पाचला रात्र पाडून झाली की स्टूल ओढून तिथे बसायचे, झाकण उचलून गुंडीला अडकवायचे आणि डोळा लावायचे. आत गच्च काळोख, ओल्या मातीचा आणि शेवंतीच्या पानांचा तो कडवट वास. एवढंच. पण बरं वाटे. अंधार पडेपर्यंत तिथेच बसत. मध्ये उठून चहा आणत, फाटकावरच्या माणसाशी बोलत, परत येऊन पुन्हा डोळा लावत. घरी जाताना गुंडी लावून जात.

"आत काय सिनेमा लागलाय काय?" आत्या विचारायची. ही कळ्या खुडणारी आत्या. कुणाची आत्या कोण जाणे, सगळी नर्सरी तिला आत्या म्हणे. शेवंतीचं मोठं फूल हवं असेल तर शेंड्याची एक कळी ठेवायची आणि पानांच्या बगलेतल्या बाकीच्या खुडायच्या, हे तिचं काम. नखांच्या कडा कायमच्या हिरव्या.

"गर्दी बघतोय," मामा म्हणत.

"रोज तीच गर्दी."

"पण रोज हाऊसफुल्ल. आमच्या थिएटराला कुठे होतं असं नशीब!"

मामांच्या त्या पहिल्याच हंगामात जावयाने एक धाडस केलं होतं. बाई वर्षानुवर्षं एकच पिवळी जात लावत. जावयाने हट्ट धरून नवी पांढरी जात आणली, दुसऱ्या गावच्या रोपवाटिकेतून, आणि मोठ्या हाऊसमध्ये सगळीकडे तीच लावली. बाई म्हणाल्या होत्या, "लाव. जमलं तर पुढचं नवं हाऊसही तूच बघ. नाही जमलं तर मी भाच्याला बोलावते, तो बघेल सगळंच." सगळंच म्हणजे मुख्य माळ्याचं काम, आणि त्या कामाबरोबर येणाऱ्या टाकीमागच्या दोन खोल्याही. हे बाई बोलल्या नव्हत्या, पण जावयाला ऐकू आलं होतं. लेकीलाही.

पांढरी मस्त वाढली. दांडे पेन्सिलीसारखे सरळ. मग कळ्यांची वेळ आली आणि एका सकाळी शेंड्याशेंड्यांवर हिरवे मणी दिसायला लागले. जावई वाफ्यांमधून चालला आणि मधल्या वाफ्यांपाशी थांबला. तिथे मणी नव्हते. रोपं उंच, हिरवीगार, धष्टपुष्ट, आणि शेंड्याला नुसती पानं. तो वाकला, एक शेंडा बोटांनी उकलून पाहिला, दुसरा पाहिला. 

बाई आल्या. त्यांनी वाकून पाहिलं नाही, उभ्यानेच दिसलं.

"तुझी नवी जात," त्या म्हणाल्या.

"बाई, बाकीच्यांना कळ्या आहेत. एवढ्याच रोपांना…"

"म्हणजे रोपं सरमिसळ आली. पारखून घ्यायला नकोत? मी सांगत होते, पिवळी ओळखीची आहे."

"पाणी सगळ्यांना सारखं आहे, खत सारखं आहे…"

"तेच म्हणतेय मी. सगळं सारखं आहे, रोपंच वेगळी आहेत. सोमवारी भाचा येईल. त्याला दाखव."

त्या रात्री तिघं जेवायला बसले. जावई ताटात बोट फिरवत बसला. लेक एकदा म्हणाली, "त्या रोपवाटिकेवाल्याला फोन करा ना," आणि तो म्हणाला, "केला. तो म्हणतो, आमच्याकडून असं होणं शक्यच नाही. सगळे तसंच म्हणतात." मामांनी मीठ पुढे सरकवलं. त्यांना जावयाचं वाईट वाटत होतं, जसं नाटक पडल्यावर नटाचं वाटतं तसं. आपला पडदा व्यवस्थित होता, एवढं मनात धरून ते झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कप्प्यांना तेल द्यायला शिडीवर चढले. हाऊसच्या ऐन मध्यावर, छपराच्या तारेपाशी. एक हात तारेला, दुसऱ्यात तेलाची बुधली. सहज खाली पाहिलं, आणि बुधलीतलं तेल आत्याच्या टोपलीत सांडलं.

"अहो, डोळे आहेत की भोकं?" आत्या खालून ओरडली.

मामांचं लक्ष नव्हतं. खालून जो नुसता बिनकळ्यांचा तुकडा दिसत होता त्याला वरून आकार होता. एका टोकाला चिंचोळा, मग वाफ्यामागून वाफा रुंदावत गेलेला, कडा अगदी सुरीने कापल्यासारख्या. तो आकार मामांनी उभ्या आयुष्यात रोज पाहिला होता. विंगेतला दिवा नटावर टाकला की धुळीतून असाच पट्टा जातो. रोपं कुणी अशी लावत नाही. रोपं रांगेत लावतात. उजेड असा पडतो.

त्यांनी पट्ट्याच्या चिंचोळ्या टोकाकडे नजर नेली आणि नजर जिथे जाऊन थांबली तिथे त्यांची स्वतःची शिवण होती.

"शक्यच नाही," ते स्वतःशी म्हणाले. भोकातून डोळा जातो, उजेड जात नाही. रोज बघतोय मी, आत मिट्ट काळोख असतो. 

पाच वाजता त्यांनी रात्र पाडली. रोजच्यासारखं झाकण उचलून अडकवलं. पण स्टुलावर न बसता बाजूची कनात उचलून ते आत शिरले. इथे आल्यापासून रात्र पाडल्यावर ते कधी आत गेले नव्हते.

आत काळोखात कुणीतरी किंचाळलं.

"कोण आहे?"

"मी आहे, आत्या. तू काय करतेयस आत?"

"माझी टोपली राहिली होती, ती घ्यायला आले, तर तुम्ही दिवसाढवळ्या रात्र करून मोकळे! आवाज तरी करत जा. मांजरं बरी तुमच्यापेक्षा." मग तिने मान वळवली. "हे काय हो मामा?"

पश्चिमेकडून, डोळ्याच्या उंचीवरून, तिरप्या उन्हाचा एक लख्ख पट्टा आत आला होता आणि मधल्या वाफ्यांवर आडवा पसरला होता. त्यातली रोपं पान न् पान उजळून उभी होती.

मामा पट्ट्याच्या कडेने चालत भोकापाशी गेले आणि डोकं त्याच्यासमोर धरलं. पट्टा गेला. बाजूला झाले. आला. म्हणजे इतके दिवस ते बाहेरून डोळा लावून बघत होते तेव्हा त्यांचंच डोकं उजेड अडवत होतं. चहा आणायला उठले की ऊन आत. फाटकावर गप्पा मारायला गेले की ऊन आत, आणि सूर्य कलेल तसं एका वाफ्यावरून पुढच्या वाफ्यावर. परत येऊन बघावं तर पुन्हा काळोख. शेवंतीच्या ह्या रोपांना रोज संध्याकाळी कुणीतरी दिवा दाखवत होतं, आणि तो कुणीतरी आपल्या चोख पडद्यावर खूश होता.

आत्याला सगळं कळायला वेळ लागला नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "चार टाके घाला आणि गप्प बसा. कुणाला कळतंय? महिन्याभराने ह्यांनाही कळ्या येतील."

"आणि सोमवारी?"

"सोमवारचं सोमवारी. तुमचा जावई आहे हुशार, लागेल कुठेतरी. तुम्हाला ह्या वयात कोण ठेवणार?"

ते खरंच होतं. मामा तिथेच वाफ्याच्या काठावर बसले. त्यांना फार जुना एक प्रयोग आठवला. शेवटचा अंक, नायक रंगमंचाच्या ऐन काठावर येऊन प्राण सोडत होता, लांबलचक भाषण, थिएटर चिडीचूप. मामांच्या घामेजल्या हातातून दोरी सुटली आणि पडदा त्या माणसाच्या पाठीमागे धपकन पडला. नायक एकटा पडद्याबाहेर, अर्धवट मेलेला. तो उठला, कपडे झटकले, लोकांना हात जोडून म्हणाला, "माफ करा, मी आज जरा लवकर मेलो." लोक हसून हसून लोळले. पुढे कितीतरी दिवस पोरं त्याला रस्त्यात चिडवत, "आज किती वाजता?" आत येऊन तो मामांना एवढंच म्हणाला होता, "हात पुसत जा." मामांचं नाव कुणाला कळलं नाही. पडदेवाल्याचं तसंच असतं. चूक आतली असली तरी बोलणी बाहेर उभा असलेला खातो, आणि आतला माणूस ते चालवून घेतो. मामांनीही जन्मभर चालवून घेतलं होतं. आता बाहेर उभा होता तो लेकीचा नवरा, आणि त्याला आपल्या मागे काय पडलंय हेही माहीत नव्हतं.

"तू घरी जा, आत्या," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाचला जरा कमी असताना ते बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, थोडा वेळ हाऊसमध्ये येऊन उभ्या राहाल? जावईबापूंनाही बोलावतो."

"कशासाठी?"

"दाखवायचंय. सांगून नाही कळायचं."

बाई कुरकुरत आल्या. जावई हात पुसत आला, भुवया उंचावून सासऱ्यांकडे बघत. मामांनी दोघांना मधल्या वाफ्यांपाशी उभं केलं, "हलू नका" म्हणाले आणि बाहेर गेले. कापड उतरलं. आत रात्र झाली. मामांनी झाकण उचललं, अडकवलं आणि बाजूला सरकून उभे राहिले. आतून काहीच ऐकू येईना. न राहवून त्यांनी डोळा लावला, तर पलीकडून भोकाला बाईंचा डोळा.

"दिसलं?" मामांनी विचारलं.

"दिसलं. डोकं काढा तिथून."

त्यांनी काढलं.  कनात उचलून बाई बाहेर आल्या, उन्हाने डोळे बारीक करत.

"हे भोक कुणी पाडलं?"

"मी. पाडलं नाही, शिवलं."

"कशाला?"

"बघायला."

"काय बघायला? काळोखात काय दिसतं?"

"काही नाही दिसत," मामा म्हणाले. "सवय."

बाईंनी कपाळाला हात लावला. "रोपांत खोट नाही म्हणजे."

"रोपं एक नंबर आहेत. जात चांगली निवडलीय त्याने. पानं बघा ना."

"पानं मला नका शिकवू." त्या जावयाकडे वळल्या. "भाच्याला कळवते, येऊ नको म्हणून." आणि परत मामांकडे. "दोरीला उद्यापासून तुम्ही हात लावायचा नाही."

"बाई," जावई मध्येच बोलला, "भोक शिवून टाकलं की झालं. वेळ त्यांनी एकदाही चुकवलेली नाही."

"वेळ नाही चुकवली, म्हणून तर मी इतके दिवस बिनघोर होते. कापड ही मुख्य माळ्याची जबाबदारी. तू ओढ. मामांनी आत्याकडे कळ्या खुडाव्यात, बसून करायचं काम आहे." एवढं बोलून बाई निघून गेल्या.

जावई तसाच उभा. मामांना वाटलं, आता हा चार शब्द बोलेल, पोर चांगलं आहे. तो बोललाही.

"मामा, घरी सांगायचं होतंत ना आधी. मला. बाईंसमोर मी बावळटासारखा उभा होतो, काय दाखवताहेत ते माहीत नाही."

"हो. चुकलंच."

"मी दोन दिवस जेवलो नाही."

"जेवलास. कमी जेवलास."

जावयाला हसू आलं, मग राग आला हसू आल्याचा, आणि तो टाकीच्या दिशेने चालू लागला. लेकीने मात्र घरी काही कमी केलं नाही. "बाबा, सगळ्या जगाचे पडदे सरळ पाडलेत आणि आमच्याच घरावर…" म्हणाली, वाक्य अर्धं सोडलं आणि त्यांना दोनदा वाढलं.

कळ्या खुडणं मामांना जमेना. पहिल्याच दिवशी त्यांनी बगलेतल्या सोडून शेंड्याचीच कळी खुडली. "अहो, नायकालाच मारलंत!" आत्या म्हणाली आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला तो दांडा दाखवत बसली. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

पाचला जावई दोरीपाशी आला. त्याने दोरी मनगटाला गुंडाळली आणि एकदम हिसका दिला. कापड खडखडत निम्म्यावर आलं, एका कप्पीत अडकलं आणि पूर्वेची बाजू तिरकी लोंबू लागली. छप्पर थरथरलं. ऊन सगळ्या शेवंतीवर तसंच पडलेलं. त्याने दुसरा हिसका दिला.

मामा आतून टोपली घेऊन बाहेर आले होते. त्यांचे हात आपसूक उठले होते. त्यांनी ते मागे बांधले.

"बापू."

"हां."

"मनगटाला नको गुंडाळू. सोड आधी. परत वर जाऊ दे सगळं."

जावयाने सोडलं. कापड मागे गेलं.

"तळवे पूस. आता दोन्ही हात, एकाआड एक. ओढायचं नाही, घ्यायचं. दोरी येतेय, तू फक्त घेतोयस. पूर्वेकडे बघ, हाताकडे नको. हां. थांब. तिकडची बाजू येऊ दे. आता दोघी बरोबर चालल्यात. आता शेवटी हळू."

वाळूची पट्टी जमिनीला टेकली. जावयाने दोरी खुंटीला बांधली आणि वळून पाहिलं.

"बरा पडला?"

"खडबडीत," मामा म्हणाले. "पण पडला. उद्या परत."